पडद्यावरचा हिरवा ग्रह

"मावशी, शनीच्या शेजारी तो हिरवा ग्रह कोणता गं?"

मे महिन्यात नागपूरची भाचेमंडळी जबलपूरला आली, की सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकल्यावर ठरलेला कार्यक्रम असतो. दिवाणखान्यातले दिवे बंद, कूलर चालू, सतरंजीवर उशा टाकून सगळी आडवी आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचं ऐंशी इंची चित्र. त्या रात्री सूर्यमालेवरची फिल्म लागली होती. काळंभोर आकाश, मधोमध शनी आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात अंधुक कडांचा, चार-पाच सेंटिमीटरचा हिरवट गोळा.

"तो ग्रह नाही, तेजोमेघ आहे," मोठ्या भाच्याने निकाल दिला.

शनी गेला, गुरू आला. गोळा तिथेच. गुरू गेला, यान आलं. गोळा तिथेच. मग अंटार्क्टिकाचा बर्फ दिसला, सगळी भिंत पांढरीशुभ्र झाली आणि धाकटी भाची ताडकन उठून बसली. "मावशी, आता तो गुलाबी झाला!"

खरंच झाला होता. काळ्यावर हिरवा, पांढऱ्यावर फिकट गुलाबी-जांभळा. जागा तीच.

मला अशा वेळी फार आनंद होतो. फिल्म राहू दे बाजूला, म्हटलं, आधी या पाहुण्याचा पत्ता शोधू.

पहिला संशय भिंतीवर. प्रोजेक्टर जरासा फिरवला, तर चित्राबरोबर डागही सरकला. म्हणजे भिंत निर्दोष. दुसरा संशय फिल्मवर. दुसरी फिल्म लावली, डाग कायम. तिसरा संशय समोरच्या भिंगावर. भाच्याने भिंग पुसायच्या मऊ कापडाने ते हलक्या हाताने पुसलं. चित्र तसूभरही बदललं नाही. उरलं फक्त प्रोजेक्टरचं पोट.

आमचा प्रोजेक्टर तीन पॅनेलवाला आहे. त्यात एक दिवा असतो. त्याचा पांढरा प्रकाश खास आरशांवर पडतो. हे आरसे एका रंगाचा प्रकाश परत फिरवतात आणि बाकीचा आरपार जाऊ देतात. अशा आरशांच्या रांगेतून गेल्यावर पांढऱ्या प्रकाशाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत होतात. प्रत्येक झोताच्या वाटेवर काचेची एक छोटी चौकट उभी असते, तिला एलसीडी पॅनेल म्हणतात. टपाल तिकिटाहूनही लहान, कर्ण जेमतेम 15 मिलिमीटर. चित्र तिथे तयार होतं. मग तिन्ही रंग एका लोलकात एकत्र येतात आणि भिंगातून भिंतीवर जातात. असा तीन पॅनेलचा प्रोजेक्टर जपानच्या एप्सन कंपनीने 1989 साली बाजारात आणला.

एलसीडीमधल्या द्रवस्फटिकांचा शोध कशातून लागला, ठाऊक आहे? गाजरातून! 1888 साली फ्रीडरिख रायनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. त्यापासून बनवलेला एक पदार्थ तापवला, तेव्हा तो दोनदा वितळल्यासारखा दिसला: आधी गढूळ द्रव, मग आणखी तापवल्यावर स्वच्छ द्रव. त्या गढूळ अवस्थेत तो पदार्थ द्रवासारखा वाहत होता आणि स्फटिकासारखा वागतही होता. अशा पदार्थांनाच द्रवस्फटिक म्हणतात आणि आज जगभरातल्या कितीतरी पडद्यांमध्ये ते बसलेले आहेत.

आता आपल्या डागाकडे वळू. डाग गुलाबी-जांभळा कधी दिसला? पांढऱ्या चित्रावर. पांढऱ्यातून थोडा हिरवा कमी केला, की लाल आणि निळा जास्त उरतात आणि दोन्ही मिळून गुलाबी-जांभळा होतो. म्हणजे कुणीतरी हिरव्या प्रकाशाची वाट अडवून बसलं होतं. हिरव्या पॅनेलवर धुळीचा कण!

पण मग काळ्या चित्रात तोच कण हिरवा का चमकत होता? अडवणारा कण उजळेल कसा? हा प्रश्न मोठ्या भाच्याने विचारला आणि तो विचारल्याबद्दल मी त्याला जास्तीचा आंबा दिला.

प्रकाश ही लाट असते आणि ती हेलकावे घेत जाते. पॅनेलच्या आधी एक पोलरायझर असतो, तो एकाच दिशेने हेलकावणारा प्रकाश पुढे सोडतो. पॅनेलनंतर दुसरा पोलरायझर असतो. काळा रंग दाखवायचा असेल, तर द्रवस्फटिक प्रकाशाला अशा स्थितीत ठेवतात, की दुसरा पोलरायझर त्याला पूर्ण अडवतो आणि भिंतीवर अंधार राहतो. मध्ये धूळ बसली, की तिच्यावर आपटून प्रकाश विखुरतो, त्याच्या हेलकाव्यांची शिस्त मोडते आणि त्यातला थोडासा दुसऱ्या पोलरायझरमधून निसटतो. हिरव्या वाटेवरून निसटलेला प्रकाश हिरवाच असणार. एकाच कणाने उजेडात अंधार केला आणि अंधारात उजेड.

त्या रात्री सगळ्यात जास्त चर्चा मात्र वेगळ्याच गोष्टीवर झाली. समोरच्या भिंगावर तर धूळ होतीच. कापडाला लागलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. मग ती धूळ भिंतीवर का दिसली नाही? आणि आतला एवढासा कण एवढा मोठा का दिसला?

याचं उत्तर तुम्हाला घरच्या घरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. एक साधं भिंग घ्या, आजोबांचं पेपर वाचायचं असतं ना, तसलं. दिवसा अशी खोली निवडा, की जिच्या एकाच खिडकीतून उजेड येतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तेव्हा हा प्रयोग करायचा नाही आणि भिंगातून सूर्याकडे तर कधीच पाहायचं नाही. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी जा, भिंग भिंतीजवळ धरा आणि हळूहळू मागे घ्या. एका ठिकाणी भिंतीवर खिडकीचं छोटंसं, रंगीत, उलटं चित्र उमटेल. गज दिसतील, बाहेरचं झाड खाली डोकं वर पाय उभं दिसेल.

आता ज्वारीच्या दाण्याएवढा कागदाचा तुकडा भिंगाच्या मधोमध चिकटवा. चित्रात कुठे डाग दिसतो का? शोधा, नीट शोधा. नाही सापडणार. मग तळहाताएवढा कागद खिडकीच्या काचेवर चिकटवा. तो लगेच चित्रात दिसेल, काळा आणि उलट्या जागी. शेवटी पुठ्ठ्याने अर्धं भिंग झाका. काय होईल असं वाटतं? आमच्याकडे सगळ्यांनी पैज लावली, की अर्धी खिडकी गायब होणार. खिडकी अख्खीच्या अख्खी राहिली, फक्त जराशी अंधुक झाली. मुलं पुठ्ठा वर, खाली, आडवा, तिरका करून थकली, पण खिडकी काही तुटेना.

असं का होतं? खिडकीच्या एका कोपऱ्यातून निघालेला प्रकाश भिंगाच्या एकाच ठिकाणी जात नाही. तो पसरतो आणि भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतो. भिंग त्या सगळ्याला पुन्हा भिंतीवरच्या एका बिंदूत गोळा करतं. खिडकीच्या प्रत्येक बिंदूचं असंच. म्हणून भिंगावरचा कागद प्रत्येक बिंदूकडून येणारा थोडा थोडा प्रकाश अडवतो, कुणा एकाचा पूर्ण नाही. नुकसान सगळ्या चित्रात वाटलं जातं आणि म्हणून ते डोळ्यांना कळत नाही. खिडकीच्या काचेवरचा कागद मात्र काही ठरावीक बिंदूंचा सगळाच प्रकाश अडवतो. तिथलं नुकसान वाटून घ्यायला कुणी नाही.

प्रोजेक्टरमध्ये खिडकीच्या जागी पॅनेल असतं. तेव्हा आपण थोडं गणित करू. समजा, धुळीचा एक मिलिमीटरचा गोळा प्रोजेक्टरच्या चार सेंटिमीटर रुंदीच्या भिंगावर बसला. व्यास चाळिसावा हिस्सा, म्हणजे क्षेत्रफळ सोळाशेवा हिस्सा. चित्राचा उजेड सोळाशे भागांतला एक भाग कमी होईल. कुणाला पत्ताही लागणार नाही. आता तोच गोळा पॅनेलवर बसला, तर? पॅनेलचा कर्ण 15 मिलिमीटर आणि भिंतीवरच्या चित्राचा कर्ण 2 मीटरच्या थोडा वर, म्हणजे चित्र जवळजवळ 135 पट मोठं होतं. एक मिलिमीटरचा गोळा भिंतीवर साडेतेरा सेंटिमीटरचा राक्षस होईल. आमचा 'ग्रह' चार-पाच सेंटिमीटरचा होता, म्हणजे खरा कण जेमतेम मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. बोटावर घेतला असता, तर नीट दिसलाही नसता.

धूळ तीच, कणही तेवढाच. तो कुठे बसला आहे, यावर सगळं अवलंबून.

मग त्याच्या कडा अंधुक का होत्या? पॅनेल बनवणाऱ्यांना धुळीची खोड ठाऊक असते. म्हणून ते पॅनेलवर आणखी एक जाड काच बसवतात. धूळ त्या काचेच्या बाहेरच्या बाजूला बसते, म्हणजे चित्र जिथे तयार होतं त्या जागेपासून किंचित दूर. तेवढ्याने ती फोकसच्या बाहेर जाते, पसरते आणि फिकी होते. ही युक्ती मला फार आवडते. धुळीला पूर्ण थांबवता येत नाही, तर निदान तिला चित्रापासून चार पावलं लांब बसवायचं.

आणखी एक गंमत म्हणजे, भिंग चित्र उलटं करतं. म्हणून भिंतीवर डावीकडे वर दिसणारा कण पॅनेलवर उजवीकडे खाली बसलेला असतो. प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे पक्कं माहीत असावं लागतं, नाहीतर तो भलतीकडेच शोधत बसेल.

हल्ली स्वस्तातले छोटे एलईडी प्रोजेक्टर पुष्कळ घरांत दिसतात. त्यांच्यात बहुधा एकच पण मोठं पॅनेल असतं, म्हणून त्यांचे डाग रंगीत नसतात, करडे असतात. पंख्याची हवा थेट पॅनेलवरून जाते, त्यामुळे धूळही लवकर बसते. छोट्या छोट्या आरशांच्या चिपवर चालणारा तिसरा एक प्रकारही असतो, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

धुळीशी हा सामना जुनाच आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 1890 च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करत. काचेवर हातांनी रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि पडद्यावर पुराणातल्या गोष्टी! सिनेमा भारतात यायच्या आधीची ही गंमत. मुंबईला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या त्या 7 जुलै 1896 रोजी. आता प्रयोग आठवून सांगा: पटवर्धनांच्या कंदिलात भिंगावर धूळ बसली असती, तर देवाच्या गालावर डाग पडला असता का? आणि रंगवलेल्या काचेवर बसली असती, तर?

सिनेमाची रिळं आली तेव्हा एक नवा सुगावा मिळाला. आमच्या जबलपूरला एम्पायर टॉकीज होतं, अभिनेते प्रेमनाथ यांच्या मालकीचं. अशा जुन्या टॉकीजमध्ये फिल्म सेकंदाला 24 चित्रं या वेगाने सरकायची. फिल्मवर धूळ असली, की ती एका चित्रापुरती चमकून जायची, एका सेकंदाचा चोविसावा भाग! पण फिल्म ज्या चौकटीसमोरून सरकते, त्या चौकटीत एखादा केस अडकला, तर तो पडद्याच्या कडेला वळवळत राहायचा, नायक रडो नाहीतर गावो. लुकलुकणारा डाग म्हणजे धूळ फिल्मबरोबर फिरते आहे, ठाण मांडलेला डाग म्हणजे धूळ यंत्रात आहे. म्हणून रीळ बदलताना ऑपरेटर ती चौकट ब्रशने झाडून घेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रोजेक्टरचा फिल्टर काढला. हे काम मुलांनी मोठ्या माणसांबरोबर करण्यासारखं आहे. प्लग काढलेला हवा आणि यंत्र पूर्ण थंड झालेलं हवं. बऱ्याच प्रोजेक्टरना एका बाजूला किंवा खाली जाळीचं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर असतो. दिवा तापतो, म्हणून पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि त्या हवेतली धूळ फिल्टरने अडवायची असते. आमचा फिल्टर मूळचा पांढरा. बाहेर आला तो करडा, वर लोकरीच्या गोधडीसारखा थर.

तो थर कागदावर झटकून भिंगाखाली पाहिला, तर घरातल्या सगळ्यांची हजेरी लागलेली. लाल धागा सतरंजीचा. पांढरे, पिळदार तंतू आजीच्या रजईच्या कापसाचे. धाकटीचा एक केस. डासाचा पारदर्शक पंख, त्यावरच्या शिरांसकट. चकाकणारे बारीक खडे म्हणजे वाळूचे कण, मे महिन्यातल्या लूबरोबर अंगणातून आलेले. खूपशी करडी पूड राहिली, तिच्यात आपल्या सगळ्यांच्या त्वचेचे सुकलेले पापुद्रेही असतात. प्रोजेक्टर सतरंजीशेजारी बुटक्या स्टुलावर होता आणि समोर कूलर. धुळीला याहून चांगलं आमंत्रण कुठलं!

धूळ जमिनीजवळ जास्त का असते? हवेत पडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या आकारावर ठरतो. पाण्याइतक्या घनतेचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण शांत हवेत सेकंदाला सुमारे 3 मिलिमीटर खाली येतो. अडीच मीटर उंचीच्या छतापासून जमिनीवर यायला त्याला सुमारे 14 मिनिटं लागतील. त्याच्या दहापट लहान कणाला लागेल जवळजवळ एक दिवस! आणि एवढा वेळ खोलीतली हवा शांत बसते कुठे? आपण चालतो, पंखा फिरतो, कुणी चादर झटकतं. बारीक धूळ तरंगतच राहते आणि जड धूळ खाली बसून पुन:पुन्हा उडते.

फिल्टरमधून जे बारीक कण निसटतात, ते पॅनेलपर्यंत पोचतात. तिथे पंख्याचा वारा सतत वाहतो आहे. मग तो वारा त्यांना उडवून का नेत नाही? हेच कोडं तुमच्या डोक्यावरही फिरतंय. छताच्या पंख्याची पाती दिवसभर गरगर फिरतात, तरी त्यांच्यावर धूळ का साठते? जर्मनीच्या लुडविग प्रांट्ल यांनी 1904 साली दाखवून दिलं, की वाहत्या हवेचा पृष्ठभागाला टेकलेला अगदी पातळ थर जवळजवळ थांबलेला असतो. वर वादळ असलं तरी पात्याला चिकटून शांतता. मोठा कण त्या थरातून डोकं वर काढतो आणि उडतो. बारीक कण थराच्या आत सुरक्षित.

शिवाय बारीक कणाला चिकटायलाही चांगलं जमतं. दोन वस्तू अगदी जवळ आल्या, की त्यांच्या रेणूंमध्ये एक हलकी ओढ असते, तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. भिंतीवरची पाल याच बलावर छताला उलटी लटकते. कणाचा व्यास दहापट कमी केला, तर त्याचं वजन हजारपट कमी होतं, पण चिकटायचं बल साधारण दहापटच कमी होतं. म्हणजे कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने चिवट.

मग कापडाने पुसून टाकायचं का? मुळीच नाही! आणि याचं कारण समजायला आपल्याला जबलपूरजवळच्या भेडाघाटला जावं लागेल. तिथे नर्मदेच्या काठच्या दुकानांत मऊ दगडाच्या मूर्ती मिळतात. संगजिऱ्यासारखा मऊ दगड नखानेसुद्धा ओरखडता येतो. फ्रीडरिख मोह्स यांनी 1812 साली खनिजांना कठीणपणाचे आकडे दिले, त्यात संगजिऱ्यातल्या टाल्कला 1 आणि हिऱ्याला 10. साधी काच येते साडेपाचाच्या आसपास. आणि वाळूतला क्वार्ट्झ? 7! आपल्या अंगणातल्या धुळीत काचेहून कठीण कण आहेत. कोरड्या कापडाने पॅनेल घासलं, की धूळ निघेल न निघेल, ओरखडे मात्र कायमचे पडतील. पोलरायझरचा पापुद्रा तर प्लास्टिकचा, काचेहून कितीतरी मऊ.

तोंडाने फुंकर मारायची नाही, तिच्याबरोबर थुंकीचे थेंब जातात आणि वाळल्यावर त्यांचे नवे डाग पडतात. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालायची नाही, प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते आणि ती नाजूक चिपला मारू शकते. झाकणाचे स्क्रू मुलांनी उघडायचे नाहीत, हे मी अगदी ठासून सांगते. आत उच्च दाबाचा दिवा असतो, पुष्कळदा पाऱ्याच्या वाफेचा.

म्हणून आम्ही प्रोजेक्टर ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेला. ते त्यांच्या दुकानात आधी दार-खिडक्या आणि पंखा बंद करतात, टेबल ओल्या फडक्याने पुसून घेतात आणि मगच यंत्र उघडतात. त्यांच्याकडे रबरी फुग्याचा छोटा पंप असतो. प्रोजेक्टरच्या पंख्याची पाती त्यांनी बोटाने धरून ठेवली. वाऱ्याने पंखा उलटसुलट भरधाव फिरला, तर त्याचं बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीजही तयार करू शकते. मग हिरव्या पॅनेलच्या फटीत पंपाचा तिरका, छोटा झोत. प्रोजेक्टर लावून पाहिलं, तर डाग जागचा हलून मध्यावर आला होता! मुलं हिरमुसली, मी खूश झाले. कण सुटला होता. यंत्र बंद, पुन्हा थंड होऊ दिलं, पुन्हा दोन झोत आणि भिंत स्वच्छ.

घरी आल्यावर प्रोजेक्टर टेबलावर चढला, कूलरच्या झोतातून बाजूला. त्या खोलीत आता अगरबत्ती आणि डासांची कॉइल बंद, कारण धुराचे कण एवढे बारीक असतात, की साध्या फिल्टरला ते जुमानत नाहीत. यंत्र थंड झालं, की त्याच्यावर सुती कापड. गरम असताना झाकायचं नाही, त्याला श्वास घ्यायचा असतो. फिल्टर झटकायचं काम धाकटीने आपल्याकडे घेतलं आहे आणि ती ते अंगणात, तोंडाला रुमाल बांधून करते.

धुळीवर इतका राग धरल्यावर तिचं एक देणंही सांगायला हवं. प्रोजेक्टरचा झोत खोलीतून जाताना तुम्हाला बाजूने दिसतो ना? तो दिसतो हवेतल्या धुळीमुळे. जॉन टिंडल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1870 साली हे व्याख्यानात दाखवलं. झोताखाली ज्योत धरली, की झोतात काळ्या वळ्या उठत. लोकांना वाटे, धूर. तो धूर नव्हताच, धूळ जळून गेलेली स्वच्छ हवा होती आणि तिच्यात प्रकाशाला विखुरणारं काही उरलं नव्हतं. टिंडल यांनी पुढे कापूस आणि कोळसा भरून आग विझवणाऱ्यांसाठी श्वास घ्यायचं साधनही बनवलं.

आणि भिंगावरची धूळ, आतली धूळ हा फरक सगळ्यात जास्त कुणाला जपावा लागतो? आकाश पाहणाऱ्यांना. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आहे, 2006 सालापासून. अशा मोठ्या आरशावर धूळ बसली, तरी ताऱ्यांच्या चित्रात डाग पडत नाही, तुमच्या भिंगावरच्या कागदासारखंच. उजेड तेवढा घटतो. पण दुर्बिणीच्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळच्या काचेवर एक कण बसला, की प्रत्येक फोटोत मेदूवड्यासारखं कडं उमटतं. मध्ये भोक असतं, कारण दुर्बिणीच्या तोंडाशी असलेल्या लहान आरशाने झोताचा मधला भाग आधीच अडवलेला असतो.

खगोलशास्त्रज्ञ दर कड्यामागे कॅमेरा उघडत बसत नाहीत. सूर्य मावळल्यावर, तारे दिसायच्या आधी, आकाश सगळीकडे सारखं उजळ असतं. तेव्हा ते त्या कोऱ्या आकाशाचा फोटो घेतात. त्यात तारा नसतो, फक्त धुळीची कडी असतात. मग रात्री घेतलेल्या फोटोला या कोऱ्या फोटोने भागायचं, प्रत्येक बिंदूला त्याच्या त्याच्या बिंदूने. जिथे धुळीने दहा टक्के उजेड खाल्ला, तिथे दोन्ही फोटोंत दहा टक्के कमी, म्हणून भागाकारात तो खड्डा भरून निघतो आणि कडं नाहीसं होतं. कण मात्र काचेवर तसाच बसलेला. तो उद्या सरकू शकतो, म्हणून उद्या संध्याकाळी पुन्हा नवा कोरा फोटो.